पडशाचा रंग

लंडन, ४ ऑक्टोबर १८३०

टॅबी,

तुझं पत्र शनिवारी आलं. अकरा वर्षांनी बहिणीचं अक्षर ओळखू येईल का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण टपालवाल्याने पत्र नुसतं वर धरलं आणि मी पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. टपालाचे पैसे घेणाऱ्यानेच भरायचे, हा नियम ज्याने केला त्याला भांडलेल्या नातेवाइकांची चांगली जाण असावी. पत्र नको असेल तर न फोडता दारातूनच परत पाठवता येतं. हे तू परत पाठवलंस तर मला आठवड्याभरात कळेलच.

तुझा ईनॉक मार्चमध्ये गेला हे तू एका ओळीत लिहिलंस. मीही एकाच ओळीत लिहिते, फार वाईट वाटलं. याहून जास्त लिहिलं तर तुला ते खरं वाटणार नाही.

तू ऐकलंस ते खरं आहे. आमचे मिस्टर ट्रॅपनेल दुकानातली जुनी, गाजलेली व्यंगचित्रं निवडून, पुन्हा छापून, रंगवून नाताळाला त्यांचं एक बाड काढताहेत. त्यात ईनॉकचं ते लाल नाकाचं चित्र आहे हेही खरं. तुझं म्हणणंही कळलं. ते चित्र परत तुमच्या चौकातल्या गुत्त्याच्या खिडकीत लागलं, तर चॅपलच्या शाळेत तुझ्या रूथला मास्तरीण म्हणून कुणी घेणार नाही. पंचांची बैठक फेब्रुवारीत आहे, आणि 'दारुड्याची पोर' हे बोलणं गावात आत्ता कुठे शिळं होतंय. म्हणून मी मिस्टर ट्रॅपनेलना सांगून ते चित्र बाडातून काढवावं.

टॅबी, या दुकानात माझं किती चालतं याबद्दल तुझा काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही आठ जणी लांब टेबलाशी बसतो. प्रत्येकीकडे एकच रंग. समोर दोरीवर नमुन्याची प्रत टांगलेली असते, तिच्यात बघून आपापला रंग लावायचा आणि कागद शेजारणीकडे सरकवायचा. पेगकडे लाल असतो. माझ्याकडे निळा, हे मी तुला तेव्हाही लिहिलं होतं. कोट, आकाश आणि सगळं आरमार एवढंच माझं राज्य. ते नाक काढणारे आमचे चित्रकार मिस्टर स्पर्लिंग, ते पाच वर्षांपूर्वी वारले. त्यांच्याशी भांडायला आता तुला बरंच लांब जावं लागेल.

तरी मी ट्रॅपनेलशी बोलून बघते. तुझ्यासाठी नाही म्हण, रूथसाठी म्हण. तेवीस वर्षांपूर्वी लंडनला निघताना तिला मी शेवटचं पाहिलं, तेव्हा तिला तांदळाएवढे दोन दात होते.

केझाया


लंडन, २१ ऑक्टोबर १८३०

टॅबी,

पत्र परत आलं नाही, उलट उत्तर आलं. दोन्हींची सवय नसल्यामुळे मी ते दिवसभर खिशात घेऊन हिंडले.

आधी ट्रॅपनेलचं सांगते. मी विचारलं तेव्हा ते खिडकीत चित्रं लावत होते, तोंडात टाचण्या.

"ते विणकराचं?" ते म्हणाले. "अगं केझाया, त्याच्यासाठी तर लोक बाड घेणार. अजून विचारतात, तो लाल नाकाचा मोजेवाला आहे का म्हणून."

"त्याला बायको आहे, साहेब. मुलगी आहे."

"बिशपला बहीण आहे. राजाला तर केवढं गोत आहे. प्रत्येकाच्या घरच्यांना विचारत बसलो तर मला उद्यापासून मेणबत्त्या विकाव्या लागतील."

मग त्यांनी टाचणी काढून बिशपच्या पोटाशी लावली आणि विषय संपला. तो माझ्या बहिणीचा नवरा होता हे त्यांना माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही.

आता तुझं पत्र. समितीपुढे त्या दिवशी काय झालं हे मला इतकं तपशिलात ठाऊक नव्हतं. ईनॉक चांगला काळा कोट घालून, हातात तो मोजा घेऊन पार्लमेंटातल्या लोकांसमोर उभा होता. कापून शिवलेले खोटे मोजे व्यापारी खऱ्याच्या नावाखाली विकतात, ते पहिल्या धुण्यात उसवतात, आणि त्यापायी नीट विणणाऱ्यांच्या घरात चूल पेटत नाही, एवढं त्याला सांगायचं होतं. पाच गावांनी त्याला त्यासाठी पाठवलं होतं. आणि साहेब लोक टेबलाखालून एक कागद एकमेकांना देत होते आणि ओठ दाबत होते. मग त्यातल्या एकाने विचारलं, "मिस्टर बेक्सन, आज सकाळी काय घेतलंत?" त्याने खरं ते सांगितलं. "ओटची लापशी, साहेब." आणि सगळी खोली हसली.

का हसले ते त्याला बाहेर पडून आमच्या खिडकीसमोर येईपर्यंत कळलं नाही, असं तू लिहितेस. तो खिडकीसमोर आला होता हे मला माहीत नव्हतं. मी आत होते, टेबलाशी. तिथून खिडकीची फक्त पाठ दिसते.

पुढचंही तू लिहिलंस. व्यापाऱ्यांनी ते चित्र नॉटिंगहॅमला नेऊन गुत्त्यात लावलं, पाच गावांनी दुसरा माणूस नेमला, चॅपलने सभासदांतून त्याचं नाव कमी केलं. आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं दारूला तोंड लावलं नव्हतं तो त्याच गुत्त्यात, त्याच चित्राखाली जाऊन बसायला लागला. शेवटची सहा वर्षं त्याचं नाक खरोखरच तसं झालं होतं. तू लिहितेस, "तुमच्या चित्रकाराचं बरोबरच होतं, फक्त त्याने पाच वर्षं आधी काढलं."

हे वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. यात एक चूक आहे, आणि ती दुरुस्त करायला मी सोडून आता कुणी उरलेलं नाही.

स्पर्लिंगने लाल नाक काढलं नव्हतं. तांब्याच्या पत्र्यावर लाल काढताच येत नाही, तिथे नुसत्या रेघा असतात. त्याने ईनॉकला सभेत पाहिलं होतं आणि जसा आहे तसाच काढला होता, हडकुळा, ताठ, कपाळाला एक आडवी आठी. चेष्टा होती ती मंत्र्याची. ईनॉक मोजा दाखवतोय आणि मंत्र्याच्या पायांची दहाही बोटं मोज्यांतून बाहेर आलीत, असं ते चित्र. स्पर्लिंग तुमच्या बाजूचा होता, टॅबी. तुमच्याकडच्या विणकरांनी साध्या, बिनरंगी प्रती घेऊन भिंतीला लावल्या होत्या असं नंतर कानावर आलं. ते खरं असणार, कारण साधी प्रत निम्म्या किमतीत मिळते. रंगीत घेतात ते साहेब लोक. म्हणजे एकाच चित्रात गरिबांनी शहाणा माणूस पाहिला आणि समितीने दारुडा.

रंग नमुन्यात ठरतो. आणि नमुना मी केला होता. तेव्हा मी निळ्यावर नव्हते. ईनॉक आला त्याच्या दोन वर्षं आधीपासून नमुने मीच करते. निळ्याचं मी तुला खोटं सांगितलं, आणि या महिन्यात पुन्हा एकदा सांगितलं.

पण मी नसलेलं काही रंगवलं नाही. तो नोव्हेंबरात घोडागाडीच्या टपावर बसून लंडनला आला होता, आणि आला तो पडसं घेऊनच. माझ्याकडे रविवारी जेवला. मी वाटाण्याचं सूप केलं होतं. मी त्याच्या छातीला हंसाची चरबी चोळायला दिली, माझा चांगला रुमाल दिला. तो तासभर मोज्यांबद्दल बोलत होता आणि मी त्याच्या नाकाकडे बघत होते, कारण ते टोकाला अगदी गाजरासारखं झालं होतं. मंगळवारी चित्र टेबलावर आलं. मी पाहिलं होतं तेच लावलं. त्याला पडसं झालं होतं, टॅबी. एवढंच.

केझाया


लंडन, ९ नोव्हेंबर १८३०

टॅबी,

तुझं काही उत्तर नाही. मागचं पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते सोडवून घेतलंस आणि वाचलंस. मी ते पाठवल्यावर पुन्हा आठवून पाहिलं. ते बाईने वकिलाला लिहिल्यासारखं झालंय. म्हणून हे.

आमच्या टेबलावर रंगांचे अर्थ ठरलेले आहेत. चेहऱ्याला पिवळा लावला की तो हिंदुस्थानातून पैसा करून आलेला. गालाला जांभळा म्हणजे जेवून उठलेला बिशप. हिरवट म्हणजे निवडणूक हरलेला. आणि नाकाला लाल म्हणजे दारू. हे खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या कुणालाही कळतं, ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही. पडशाला आमच्याकडे रंग नाही. मी तेव्हा बारा वर्षं हे काम करत होते. मला ते माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मग का लावला? तू हे विचारलं नाहीस, पण मी तुझ्या जागी असते तर विचारलं असतं.

ईनॉकवर माझा राग नव्हता. त्या रविवारी तो जाताना म्हणाला होता, "केझाया, तुझा हात चांगला आहे, तो चेष्टेत का घालवतेस?" ते मला थोडं लागलं, पण त्यासाठी कुणी माणसाला बुडवत नाही. मी बुडवायला बसलेच नव्हते. मी नमुन्याला बसले होते. कोट काळा केला, भिंत राखाडी केली, मंत्र्याला गुलाबी गाल दिले, आणि चित्र मेलेलं वाटत होतं. ईनॉकचा चेहरा मधोमध, कागदासारखा पांढरा. कुंचल्यात लाल उरला होता. मी एक ठिपका दिला. तेवढ्यात मागून ट्रॅपनेल आले, त्यांनी पाहिलं आणि ते हसले. असे हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. पेग उठून बघायला आली, मग बाकीच्या. सगळं टेबल हसलं.

टॅबी, चित्राच्या कोपऱ्यात स्पर्लिंगचं नाव असतं. खाली ट्रॅपनेलचं नाव आणि पत्ता असतो. आमचं कुठेच नसतं. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताने दुकान हसलं होतं. मला ते फार आवडलं. कुंचला धुऊन तो ठिपका टिपून घ्यायला क्षणभर लागला असता, रंग अजून ओला होता. मी तो वाळू दिला आणि नमुना दोरीवर टांगला. पेगने त्यात बघून सहाशे नाकं रंगवली. तिला त्यात काही पाप नाही.

ईनॉकला दारुडा व्हायला वर्षं लागली, ते मी एका ठिपक्यात केलं, असं मी म्हणत नाही. गुत्त्यात तो आपल्या पायांनी गेला. पण वाट मी दाखवली.

मला तुझी माफी हवी आहे, हे मी लिहिणार नव्हते. लिहिलं.

आता बाडाचं. ट्रॅपनेलने सगळ्या चित्रांचे नमुने नव्याने करायला सांगितलेत, जुने झिजले म्हणून. ईनॉकचा नमुना मी आज केला. नाक कोरं ठेवलंय. ते अजून त्यांनी पाहिलेलं नाही.

केझाया


लंडन, ४ डिसेंबर १८३०

टॅबी,

नऊ तारखेचं पत्र परत आलं. मोहोर शाबूत, वर टपालवाल्याच्या हाताने 'नाकारले'. म्हणजे तू पडशापर्यंत वाचलंस आणि तुला तेवढं पुरलं.

मी ते पत्र दोन दिवस कपाटात ठेवलं. त्यात काय आहे ते तुला माहीत नाही, आणि मी ते चुलीत घातलं तर कधीच माहीत होणार नाही. मग मी तुझ्यासाठी आयुष्यभर पडसं रंगवणारी बावळट बहीण राहीन, आणि तिच्याशी कदाचित तू कधीतरी बोलशीलही. हा विचार मी नीट करून पाहिला. पत्र याच पुडक्यात सगळ्यात वर ठेवलंय. पुडकं टपालाने न पाठवता मालाच्या घोडागाडीवाल्याबरोबर पाठवतेय आणि भाडं मी इथेच भरलंय, तेव्हा दारातून परत करायला तुला यावेळी कारण नाही. आधी ते वाच, मग हे.

चित्राचं काय झालं ते सांगते.

कोऱ्या नाकाच्या पन्नास प्रती रंगून झाल्या तोवर ट्रॅपनेलचं लक्ष गेलं नाही. बाडातली चार चित्रं त्यांनी वानगीदाखल खिडकीत लावली, त्यात ईनॉकचं मधोमध. तीन दिवस लोक बिशपसमोर थांबले, राजासमोर थांबले, आणि ईनॉकला ओलांडून गेले. गुरुवारी एक गिऱ्हाईक आत येऊन म्हणालं, "तो मधला कोण? चर्चमध्ये वर्गणी मागतो तो का?"

ट्रॅपनेल चित्र काढून टेबलाशी आले. "केझाया, यातला विनोद कुठे गेला?"

"नाकात होता, साहेब."

"मग घाल परत."

"नाही घालणार."

तेवीस वर्षांत मी त्यांना एवढं छोटं उत्तर दिलं नव्हतं. मग ते पेगकडे वळले. "पेग, लाल."

पेग आता पन्नाशीला आली आहे आणि तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती कुणाला भीत नाही. ती म्हणाली, "नमुन्यात नाही, साहेब. नमुन्यात नसलेलं लावलं की तुम्हीच आमची पगाराच्या दिवशी बिनपाण्याने करता."

मग त्यांनी स्वतः कुंचला उचलला. त्यांनी आयुष्यभर चित्रं विकली, रंग कधी लावला नाही. कुंचल्यात पाणी जास्त झालं, लाल नाकावरून गालावर उतरला आणि कानापर्यंत गेला. ईनॉक गोवर आल्यासारखा दिसायला लागला. कुणी हसलं नाही. मी तेव्हा सांगितलं, सगळ्यांसमोर. तो माझ्या बहिणीचा नवरा होता, त्याने कधी दारू घेतली नव्हती, त्याला पडसं झालं होतं, आणि तो ठिपका माझा होता.

ट्रॅपनेल स्टुलावर बसले. "म्हणजे तो विनोद स्पर्लिंगचा नव्हता?"

"नाही."

"त्या चित्रावरून तो मरेपर्यंत मी त्याचं कौतुक केलं. त्यालाही वाटायचं, आपलंच काहीतरी साधलं म्हणून." त्यांना ईनॉकचं वाईट वाटलं असं तुला सांगायला मला आवडलं असतं. पण ते म्हणाले, "तू नाही लावणार. आणि तू उठून गेलीस तर या सगळ्या उठतील, आणि नाताळ तोंडावर आलाय."

"हो, साहेब."

"मग काढून टाक ते. लालाशिवाय त्याला कोण विचारतो. पन्नास प्रती चुलीत घाला. पत्रा घासायला दे, तांबं चांगलं जाड आहे, त्यावर दुसरा बिशप करू."

अशा रीतीने तुझं काम झालं. बाडात ईनॉक नाही. विनोद उरला नाही म्हणून, न्याय म्हणून नव्हे, पण नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या रंगीत प्रती लोकांकडे आहेत, त्या मला गोळा करता येणार नाहीत. पंचांपैकी कुणी कुरकुर केली तर रूथला माझं नऊ तारखेचं पत्र त्यांच्यापुढे ठेवू दे. मी त्यावर पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता मुद्दाम नव्याने घातलाय. बाईच्या कबुलीला तुमच्याकडे किती वजन असतं मला माहीत नाही, पण ती लेखी आहे.

काल पत्रा घासायला नेला. त्याआधी मी छपाईवाल्याला विनवून त्याचा एक शेवटचा ठसा घेतला, तो या पत्राखाली घडी न घालता ठेवलाय. सपाट फळीवर उघड.

त्याला रंग नाही. ईनॉक उभा आहे, एका हातात मोजा, दुसरा हात वर, तोंड उघडं. स्पर्लिंगचा हात खरंच चांगला होता, कपाळावरची ती आठीसुद्धा बरोबर आलीय. त्याचं दुसरं चित्र कुणी काढलेलं मला ठाऊक नाही, तेव्हा रूथला दाखवायला हेच आहे. मंत्री आणि खालची ओळ मी कात्रीने कापून टाकली. तोंडाशेजारच्या फुग्यातले शब्द स्पर्लिंगचे होते, ईनॉकचे नव्हते. म्हणून छापताना तेवढ्या भागावर कागदाचा तुकडा ठेवायला लावला आणि फुगा कोरा आलाय.

तिथे काय लिहायचं ते तूच ठरव. तो त्या रविवारी माझ्यासमोर तासभर बोलत होता. मी ऐकलं नव्हतं.

केझाया